कोकोचे फूल आणि पातेऱ्यातले चिलट

चॉकलेट न खाल्लेला विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात सापडणार नाही आणि कोकोचे फूल पाहिलेला विद्यार्थीही बहुधा सापडणार नाही. यात दोष कोणाचाच नाही. हे फूल देवाला वाहत नाहीत की वेणीत माळत नाहीत. ते फांदीच्या टोकाशी झुलत नाही. आपल्याकडे फणस लागतो तसे ते थेट खोडाला आणि जुन्या जाड फांद्यांना फुटते. रुंदीला जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर, रंगाला पांढरट-गुलाबी, आणि वास असून नसल्यासारखा. उंबराची फुले कोणी पाहत नाही म्हणतात, पण ती निदान आत दडलेली असतात. कोकोचे फूल समोर असूनही दिसत नाही.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. फुलांशी माझा संबंध यायचे तसे काही कारण नव्हते. पण वर्गात बाजारभावांच्या चढउताराचा विषय निघाला, तेव्हा २०२४ सालच्या कोकोचे उदाहरण आले. वर्षानुवर्षे टनाला दोन-तीन हजार डॉलरच्या आसपास घुटमळणारा भाव त्या वर्षी दहा हजारांच्या वर गेला. पुढे तो खाली आला, पण ती उसळी साऱ्या जगाने पाहिली. कारणे सांगितली गेली ती पश्चिम आफ्रिकेतली: बिघडलेले पाऊसमान, बागांतले रोग, म्हातारी झालेली झाडे. जगातला निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो, तेव्हा तिथे शिंक आली की सगळीकडे सर्दी होणारच. त्या कारणांचा माग काढता काढता मी झाडापाशी पोचलो, झाडावरून फुलापाशी, आणि फुलावरून एका अशा प्राण्यापाशी की ज्याचे नाव अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात मला आढळले नव्हते. तो प्राणी म्हणजे चिलट. प्रस्तुत लेख त्याच्याविषयी आहे.

आधी फूल नीट पाहू. कारण सारी अडचण त्या फुलाच्या बांधणीत आहे. सुदैवाने माझ्या मामांनी सावंतवाडीकडच्या आपल्या बागेत पोफळीच्या ओळींमधून हौसेने कोकोची वीसेक झाडे लावलेली आहेत. एका प्राध्यापकांकडून भिंग मागून घेऊन मी दिवाळीच्या सुटीत तिथे जाऊन बसलो.

कोकोच्या फुलाचे गणित पाचाचे आहे. पाच निदले, पाच पाकळ्या, पाच पुंकेसर आणि आणखी पाच वंध्य केसर, म्हणजे पुंकेसरासारखे दिसणारे पण पराग न देणारे जांभळट काटे. हे पाच काटे कुंपणासारखे मधोमध उभे असतात आणि त्यांच्या आत स्त्रीकेसर, म्हणजे ज्यावर पराग पडायला हवा तो अवयव, कोंडल्यासारखा असतो. आता पराग कुठे असेल? आपण साध्या जास्वंदीचे फूल पाहिलेले असते, तिथे पराग उघड्यावर मिरवत असतो. कोकोची मात्र तऱ्हा निराळी. त्याच्या प्रत्येक पाकळीचा बुडखा फुगून टोपीसारखा, किंवा मुलांच्या कुंचीसारखा म्हणा, झालेला असतो; आणि प्रत्येक पुंकेसर बाहेरच्या बाजूला वाकून आपले परागकोश त्या कुंचीत लपवून बसलेला असतो. म्हणजे देणारा पाच कुंच्यांत दडलेला आणि घेणारा कुंपणाच्या आत. दोघांमधले अंतर काही मिलिमीटर. पण वाट अशी की मधमाशीसारख्या धष्टपुष्ट पाहुणीला तिथे शिरताच येऊ नये. परागही वाऱ्यावर उडून जाण्याजोगा नाही. तो चिकट असतो, एकमेकांना धरून राहतो. वाऱ्याने काही होत नाही आणि मधमाशीने होत नाही, तेव्हा तिसरे कोणीतरी लागतेच.

त्यात वेळही थोडा. कळीची निदले दुपारनंतर उकलू लागतात, रात्रभरात फूल उमलत जाते आणि पहाटे पूर्ण उघडते. पराग सुटतो तोही सूर्योदयाच्या सुमाराला. एवढ्या तयारीनिशी उमललेले फूल त्या दिवसभरात कोणी आले तर आले, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी देठासकट गळून पडते. मामांच्या बागेत सकाळी एका खोडाखाली वाकून पाहिले तर कालची फुले मातीवर पसरलेली दिसतात. वाळलेली नव्हेत, चांगली ताजी, जणू कोणी खुडून टाकावीत तशी. एक झाड वर्षाला हजारोंनी फुले काढते आणि त्यांतली शेकडा पाचसुद्धा फळापर्यंत जात नाहीत. जी फळे धरतात त्यांतलीही कित्येक बोटाएवढी झाल्यावर काळी पडून जागच्या जागी वाळतात. तो मात्र झाडाचा स्वतःचा हिशेब आहे; जेवढी पोरे पोसता येतील तेवढीच ते ठेवते. फुलांची गळ ही त्याहून वेगळी गोष्ट. तिथे बहुतेक वेळा पोसायला पोरच नसते.

आणखी एक अट आहे. कोकोच्या एका फळात साधारण वीस ते पन्नास बिया असतात. प्रत्येक बीसाठी एक परागकण हवा. म्हणजे पाहुण्याने एखाददुसरा कण टेकवून भागत नाही. निदान काही डझन कण एका फेरीत, चिकट गठ्ठ्यानेच, कुक्षीवर पोचले पाहिजेत. शिवाय कोकोची बरीच झाडे स्वतःचाच पराग नाकारतात. त्यांना दुसऱ्या झाडाचा हवा, आणि तोही जुळणारा. पश्चिम आफ्रिकेत जी जात आधी रुजली ती या बाबतीत सोशीक होती, स्वतःच्या परागावरही फळ धरणारी. तिथल्या बागा इतक्या झपाट्याने पसरल्या त्यामागे हेही एक कारण होते.

तर आता तो पाहुणा. आपण मराठीत चिलट, केमर, घुंगुरटे असे अनेक शब्द वापरतो आणि कोणता शब्द नेमक्या कोणत्या कीटकासाठी, याची फारशी फिकीर करत नाही. कोकणात मुरकूट म्हणतात. संध्याकाळी डोळ्यांभोवती भुणभुणते ते मुरकूट, पिकल्या फणसावर बसते तेही मुरकूट. प्राणिशास्त्रज्ञ मात्र यांची वेगवेगळी कुळे मानतात. आपला संबंध आहे तो चावऱ्या चिलटांच्या कुळाशी. सेराटोपोगोनिडी असे त्याचे भारदस्त नाव असून त्यात सहा हजारांहून अधिक जाती आजवर नोंदलेल्या आहेत. अंगाने एक ते चार मिलिमीटर. माशी आणि डास यांच्याच गणातली, म्हणजे पंखांची एकच जोडी असलेली.

या कुळाची कीर्ती काही चांगली नाही. यातल्या माद्यांना अंडी पोसण्यासाठी रक्त किंवा तत्सम आहार लागतो आणि त्यांचा चावा आकाराच्या मानाने फार झोंबरा असतो. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात उन्हाळ्यात यांच्यातल्या एका जातीमुळे माणसांना घराबाहेर बसणे नकोसे होते. आपल्या धनगरांना यांचे नाव ठाऊक नसेल, पण काम ठाऊक आहे. मेंढ्यांना ताप येतो, तोंड सुजते, जीभ निळसर पडते, कळपच्या कळप खंगतो. त्या नीलजिव्हा रोगाचे विषाणू मेंढीकडून मेंढीकडे नेणारी ती याच कुळातली क्युलिकॉइड्स नावाची चिलटे. भारतात या रोगाची पहिली नोंद १९६४ साली झाली ती महाराष्ट्रातूनच.

कोकोच्या कामी येतात ती याच घराण्यातली, पण दुसऱ्या शाखेची. त्या शाखेचे नाव फॉर्सिपोमायिया. एका घरात एक भाऊ दरोडेखोर आणि दुसरा भटजी निघावा, तसे काहीसे. अर्थात भटजी अगदीच सोवळा आहे असे नव्हे. या शाखेतल्या पुष्कळ माद्या माणसाला चावत नसल्या तरी सुरवंटाच्या पाठीवर किंवा चतुराच्या पंखातल्या शिरेवर बसून त्यांच्या अंगातला रस शोषतात. काही मोजक्या जाती माणसाचेही रक्त घेतात. मात्र नर आणि मादी दोघेही फुलांतला गोड रस चाखतात, आणि आपल्या कथेला तेवढे पुरेसे आहे. यांच्यातल्या एका चिलटाच्या पंखांची फडफड मिनिटाला ६२,७६० इतकी मोजली गेली आहे. कीटकसृष्टीतला तो उच्चांक मानतात. एवढी फडफड करूनही हे चिलट उडण्यात मात्र कच्चेच. वाऱ्याच्या झुळकीने ते भरकटते. म्हणून त्याला दाट सावली, ओल आणि स्तब्ध हवा लागते, आणि त्याची वर्दळ पहाटे व सायंकाळी अधिक असते. पहाट म्हणजे कोकोच्या फुलाची नेमकी वेळ.

फुलात शिरल्यावर ते काय करते? त्या जांभळ्या काट्यांवर उतरते, त्यांवरून आत-बाहेर चालते, पाकळीच्या कुंचीत डोके घालते. कुंचीच्या आत गडद रेघा असतात, त्या धरून ते परागकोशापर्यंत जाते असे समजतात. त्याच्या पाठीवर राठ केस असतात आणि कुंचीची जागा इतकी बेताची की पाठ वरच्या परागकोशांना घासल्याशिवाय राहत नाही. चिकट पराग केसांत अडकतो. मग दुसऱ्या फुलावर गेल्यावर तेच चिलट काटे आणि स्त्रीकेसर यांच्या मधल्या चिंचोळ्या बोळातून चालते. तो बोळ त्याच्याच मापाचा. तिथे पाठ कुक्षीला घासते आणि ओझे उतरते. चिलटाला याचा पत्ताही नसतो. त्याला मिळतो तो मोबदलाही क्षुल्लकच, कारण कोकोच्या फुलात मध नावापुरता असतो.

हे सारे वाचून आपल्या सह्याद्रीतल्या खरचुडीची, म्हणजे कंदीलपुष्पाची आठवण होते. कोकोशी तिचे काही नाते नाही. पण तीही बारीक माश्या-चिलटांवरच अवलंबून असते आणि तिचा व्यवहार सरळसरळ फसवणुकीचा आहे. माशी नळीतून खाली उतरते, आतले खाली वळलेले केस तिला परत वर येऊ देत नाहीत, आणि केस कोमेजले की तिची सुटका होते. तोवर पराग तिच्या अंगाला लागलेला असतो. कोको निदान कोणाला कोंडून तरी ठेवत नाही. म्हणूनच की काय, त्याच्या दारी पाहुण्यांची रीघ नसते.

आता ज्यामुळे मला हा विषय लिहावासा वाटला त्या मुद्द्याकडे वळतो. हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले, अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले. इक्वाडोरमध्ये सुमारे ५,३०० वर्षांपूर्वी माणसे ते वापरत होती असे पुरावे २०१८ साली प्रसिद्ध झाले आहेत. पुढे ते मेक्सिकोत गेले, माया लोकांनी त्याचे पेय केले, स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेले. लिनियसने १७५३ साली त्याला थिओब्रोमा, म्हणजे देवांचे अन्न, असे नाव दिले. भारतात ईस्ट इंडिया कंपनीने ते १७९८ साली पूर्वेकडच्या बेटांवरून आणून दक्षिणेत कुर्ताळमला लावले. आफ्रिकेत गोल्ड कोस्टला, म्हणजे आजच्या घानात, टेटे क्वार्शी नावाच्या कारागिराने १८७९ साली फर्नांडो पो बेटावरून बी आणले, आणि तिथल्या कोकोचा विस्तार मुख्यतः त्यापासून झाला असे मानतात. झाड असे बोटींतून, पोत्यांतून, खिशांतून पृथ्वीभर फिरले. चिलट कोणी नेले? कोणीच नाही. त्याचा पत्ताच कोणाला नव्हता.

या ठिकाणी दुसरी दोन उदाहरणे शेजारी ठेवली म्हणजे कोकोचे नवल कळते. व्हॅनिलाची वेलही मेक्सिकोतली. ती हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली, वाढली, फुलली, आणि शेंग काही धरेना; कारण तिच्या फुलाचे काम करणारा कीटक मेक्सिकोतच राहिला होता. अखेर १८४१ साली एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या एका गुलाम मुलाने काडी आणि अंगठा यांच्या साह्याने ते काम हातांनी करून दाखवले. आजही केरळ-कर्नाटकातली व्हॅनिला एकेका फुलाला हात लावूनच पिकते. तेलताडाची कथा तिसरीच. आफ्रिकेतला हा ताड मलेशियात लावला, आणि तिथेही मजूर लावून पराग टाकावा लागे. १९८१ साली कॅमेरूनमधून त्याचा मूळचा भुंगेरा आणून सोडला, आणि ती मजुरी थांबली. म्हणजे एका पिकाचा कीटक मिळाला नाही तेव्हा माणूस राबला. दुसऱ्याचा कीटक माणसाने मुद्दाम आणला. कोकोच्या बाबतीत मात्र दोन्ही करावे लागले नाही. जिथे जिथे झाड गेले तिथे तिथे स्थानिक चिलटांनी, ज्यांच्या पूर्वजांनी कोको कधी पाहिला नव्हता त्यांनी, हे काम आपले आपण उचलले. त्रिनिदादची चिलटे वेगळी, घानाची वेगळी, पण शाखा फॉर्सिपोमायियाचीच, आणि पाठीचे केसही तसेच.

फुकट मिळालेल्या चाकरीची नोंद कोण ठेवतो? कोकोचे मळे जगभर पसरले तरी त्याचे फळ कोण धरवते हे बराच काळ कोणाला सांगता येत नव्हते. कोणी मुंग्यांना श्रेय देई, कोणी माव्याला, कोणी फुलकिड्यांना. त्रिनिदादमध्ये बिलेस या संशोधकाने १९४१ साली निरीक्षणे प्रसिद्ध करून चिलटाकडे बोट दाखवले, आणि मग इतर देशांतूनही तशीच साक्ष येत गेली. सगळे श्रेय चिलटालाच द्यावे काय, याविषयी अलीकडे संशोधकांत पुन्हा वाद आहे. काही बागांतून तासन्‌तास पाहणी करूनही फुलांवर चिलटे फारच थोडी आढळली, आणि मुंग्या, मावा, फुलकिडे व बारीक गांधीलमाश्या यांची हजेरी अधिक दिसली. मला हा वाद मोलाचा वाटतो. परंतु फुलावर दिसणे वेगळे आणि गठ्ठाभर पराग दुसऱ्या झाडावर नेऊन पोचवणे वेगळे. बिनपंखी मुंगी एका झाडावरच घुटमळणार, आणि तेवढ्याने स्वतःचा पराग नाकारणाऱ्या झाडाचे भागत नाही.

चिलटे थोडी का आढळावीत याचे उत्तर फुलात नसून जमिनीवर आहे. फॉर्सिपोमायियाची मादी अंडी घालते ती कुजत्या, ओल्या पदार्थात: पानांच्या थरात, कोकोच्या फोडलेल्या फळांच्या सालींत, तोडलेल्या केळीच्या बुंध्यात. अळ्या त्या कुजक्यातली बुरशी, शेवाळ वगैरे खाऊन वाढतात. त्यांच्या अंगावरचे केस ओलावा धरून ठेवतात. भिंगाखाली त्या केसांच्या टोकांवर दवासारखे थेंब चमकतात. अंड्यापासून उडणाऱ्या चिलटापर्यंत साधारण तीन-चार आठवडे लागतात, आणि तेवढा काळ तो कचरा ओला राहिला पाहिजे. वाळला की अळी मेली. म्हणजे वर फुलांचा बहर कितीही असो, खाली ओला पातेरा नसेल तर पहाटे फुलाकडे जायला कोणी जन्मलेलेच नसते.

याचा पडताळा बागांतून घेतला गेला आहे. ॲलन यंग या अमेरिकन संशोधकाने १९८०च्या दशकात कोस्टा रिकातल्या मळ्यांत केळीच्या बुंध्याचे तुकडे झाडांखाली पसरून चिलटांच्या संख्येवर होणारा परिणाम तपासला. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या बागांत कोकोच्या फळांच्या साली झाडाखाली घातल्या, तेव्हा तिथे फलधारणा वाढली. ते संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर संशोधकांनी चिलटाची वाट न पाहता फुलांना हातांनी पराग लावला. झाडावरची जितकी अधिक फुले हाताळली तितके उत्पन्न वाढत गेले, शेकडा ५१ पासून शेकडा १६१ पर्यंत. त्याच प्रयोगात खते आणि कीटकनाशके यांनी तेवढे काही साधले नाही. हे २०२० सालचे. माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यातून एवढे दिसते की शेतकरी ज्या गोष्टींवर पैसे खर्च करतो त्यांपेक्षा ज्या गोष्टीवर त्याचा एक छदामही खर्च होत नव्हता, तीच तिथे अपुरी पडली होती. घानात तर सरकारी कोको मंडळाने तरुणांना शिकवून चिमट्याने फुलांना पराग लावण्याची मोहीमच चालवली. दोन मिलिमीटरच्या प्राण्याचे काम करायला माणसे शिडीवर चढली. मजुरीचा हिशेब मांडला की ते काम चिलटाला परवडते तसे माणसाला परवडत नाही, हे लगेच ध्यानात येते.

हे सगळे मी मामांना मोठ्या उत्साहाने सांगितले. मामांची बाग म्हणजे आरसा. पाटाच्या कडेला गवताची काडी नाही, पोफळीखाली झावळी पडली की तासाभरात उचललेली. माझे व्याख्यान त्यांनी पान लावता लावता ऐकून घेतले आणि म्हणाले, "पातेरो ठेवलो तर इचू-किरडू येतले, त्येचां काय?" मी गप्प. विंचू-साप चिलटासाठी बागेत आणावेत असे कोणते पुस्तक सांगणार?

त्यांचा दुसरा आक्षेप याहून भारी होता, आणि तो मी मागाहून वाचून ताडून पाहिला. कोकणातल्या बागाईतदाराचा पावसाळ्यातला वैरी म्हणजे पोफळीवरचा कोळेरोग. हिरवी सुपारी सडून घोसातून गळते. त्यासाठी पावसाआधीपासून बोर्डो मिश्रण फवारावे लागते, आणि गळलेली सुपारी वेचून बागेबाहेर काढावी लागते, कारण रोग तिच्यातून पुन्हा चढतो. कोकोच्या फळांचा काळा कुजवा हा रोग करणारी बुरशीही याच वंशातली, फायटॉफ्थोरा. रोगट फळांच्या साली झाडाखाली ढीग घालून कुजत ठेवाव्यात, तर चिलटांबरोबर या बुरशीलाही घर मिळते. म्हणजे जी स्वच्छता चिलटाला मारते तीच फळाला वाचवते. मामांचे वडीलही बाग अशीच झाडून काढत. ती रीत वेडेपणाची नव्हती. फक्त ती पोफळीसाठी घडलेली होती. पोफळीचा पराग वारा आणि माश्या नेतात, तिला पातेऱ्यातल्या चिलटाशी कर्तव्य नाही. कोको तिच्या सावलीत नवा येऊन बसलेला भाडेकरू आहे आणि त्याच्या गरजा वेगळ्या आहेत.

या पेचातून वाट आहे, ती केळीची. केळीचा बुंधा पाण्याने भरलेला, महिनाभर ओला राहणारा. कोको आणि सुपारी यांचे रोग त्यात वाढत नाहीत. घड उतरल्यावर बुंधा तोडावाच लागतो. त्याचे वीतभर लांबीचे तुकडे उभे चिरून कोकोच्या ओळीत सावलीला ठेवले की काम झाले. चांगल्या, निरोगी फळांच्या सालीही चालतात. रोगट फळे मात्र लांब खड्ड्यात पुरायची. पालापाचोळा सगळी बागभर न ठेवता कोकोच्या बुंध्याभोवती हातभर सोडून ठेवता येतो, जाण्यायेण्याची वाट साफ राखून. आणि कोकोवर कीटकनाशक मारायचेच झाले तर ते पहाटे किंवा सायंकाळी मारू नये, ही एक गोष्ट सगळ्यांत सोपी. तिला पैसाही लागत नाही. भारतात आज कोको मुख्यतः आंध्र प्रदेश, केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत होतो, आणि तोही बहुतेक नारळ-पोफळी व तेलताड यांच्या सावलीतच. तेव्हा हा पेच एकट्या मामांचा नाही.

मामांनी विंचवांचा मुद्दा सोडलेला नाही. तथापि केळीच्या बुंध्यांना त्यांनी संमती दिली, तीही एकाच ओळीपुरती, घरापासून लांबच्या, पाटापलीकडच्या. उरलेले बुंधे पूर्वीसारखे गुरांना जातात. पलीकडच्या ओळीत सात झाडे आहेत, अलीकडच्या ओळीतही सात. प्रत्येक झाडाच्या खोडावर कमरेच्या उंचीला मी सुतळीने हातभर पट्टा आखून ठेवला आहे. दर रविवारी सकाळी मामेबहीण त्या पट्ट्यातली फुले आणि नवी धरलेली फळे मोजते व वहीत लिहून ठेवते. कोकोचे फळ पिकायला पाच-सहा महिने लागतात. वही अजून अर्धीच भरली आहे.